चाळकेवाडीचा वारा आणि जुन्या गाडीचं कॅरिअर

साताऱ्यातून बोगदा ओलांडून सज्जनगडच्या रस्त्याला लागलं की सुरुवातीला छतावरच्या सामानाची आठवणही येत नाही. झाडी आहे, डोंगराचा आडोसा आहे. ठोसेघर मागे टाकून चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावर, आलं की मात्र वारा आडवा लागतो. तिथे पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. पुढे सडावाघापूरला तर पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी वारा परत वर फेकतो, लोक तो उलटा धबधबा बघायला गर्दी करतात. जो वारा पाणी वर नेतो तो तुमचं कॅरिअर सोडेल असं समजू नका.

आमची गाडी पंधरा वर्षांपुढची, डिझेल, सात जणांची. इंजिन अजून ठणठणीत आहे. पण अशा गाडीचं इंजिनाचं सामान कुठल्याही गावात मिळतं आणि छताचं कुठेच मिळत नाही. लांबीच्या दोन रेल, त्यांवर आडव्या दोन पट्ट्या, पट्ट्यांचे पाय, पायाखालचं रबर, रेलच्या टोकांच्या टोप्या, एरियलच्या बुडाचं रबर. ही किरकोळ वस्तू आधी बाजारातून नाहीशी होते. दुकानदार म्हणतो, पूर्ण सेट घ्या. जुन्या मॉडेलचा सेट त्याच्याकडेही नसतोच, तो भाग वेगळा.

साताऱ्याला पोहोचेपर्यंत आमच्या डाव्या रेलची पुढची टोपी महामार्गावर कुठेतरी उडून गेली होती आणि त्याच बाजूच्या पायाचा, रेलला पकडून ठेवणारा प्लास्टिकचा जबडा चिरला होता. छतावर तंबू, गाद्या, ताडपत्री. अशा अवस्थेत सड्यावर जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून आधी एमआयडीसीतला एक लेथवाला गाठला.

त्या लेथवाल्या मामांनी तुटका जबडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि एकच विचारलं, "ह्यो धरायचा हाय का नुसता झाकायचा?"

"हा धरतो मामा. टोपी नुसती झाकते."

"मग ह्यो लोखंडातच करायचा. टोपी कशाचीबी करा, डब्याची करा."

पुढचं सगळं काम याच एका प्रश्नावर झालं. कुठलाही भाग हाताने बनवायला घेण्याआधी तो स्वतःला विचारा.

जबड्यासाठी पाच मिलिमीटरची लोखंडी पट्टी वाकवून घेतली. रेलची गोलाई घ्यायची कशी, तर सोल्डरची जाड तार रेलवर दाबायची, ती तशीच्या तशी वळून राहते, मग पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिल फिरवायची. पुठ्ठा आमच्याकडे कंदी पेढ्यांच्या बॉक्सचा होता, पेढे तोवर संपले होते. साचा रेलवर लावून बघितला, कात्रीने जरा कोरला, पुन्हा लावला. पुठ्ठ्यावर अर्धा तास गेला तर चालतो, लोखंडावर नाही. वाकवल्यावर पट्टीच्या कडा कानशीने मोडून घ्या, नाहीतर ती रेलचा रंग खरवडते आणि गंज तिथूनच सुरू होतो. पट्टीला प्रायमर, वर काळा रंग, आणि आतून तीन-चार मिलिमीटरचं रबर. लोखंड थेट अॅल्युमिनियमच्या रेलला टेकलं आणि त्यात पावसाचं पाणी साचलं, की अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी येऊन ते झिजायला लागतं. रबर पकडीसाठी तर हवंच, पण त्याहून जास्त या दोन धातूंना वेगळं ठेवायला हवं.

छतावरच्या आडव्या पट्टीच्या खाचेत सरकणारा चपट्या डोक्याचा बोल्टही आटे जाऊन फिरत होता. तसा बोल्ट सुटा मिळत नाही. आठ एमएमचा स्टीलचा षटकोनी बोल्ट घ्या, डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू ग्राइंडरवर घासा, तो खाचेत बसतो आणि फिरतही नाही. नट आत नायलॉनची रिंग असलेला, आणि एकदा काढला की दुसऱ्यांदा वापरायचा नाही. स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट कोरडा आवळला तर आटे एकमेकांना चिकटून जाम होतात, मग कापल्याशिवाय सुटत नाहीत. थोडं ग्रीस लावा आणि पाना सावकाश फिरवा. रबर दबून किंचित फुगलं की थांबा. जोर दाखवायची ही जागा नाही.

टोपी आम्ही भंगारातल्या काळ्या पाण्याच्या टाकीच्या तुकड्यातून केली. टाकी उन्हातच राहायची वस्तू असल्याने तिचं प्लास्टिक ऊन सोसतं, आणि हीट गनने तापवलं की हवं तसं वळतं. पण त्याला कुठलाही गोंद नीट धरत नाही, म्हणून छोट्या स्क्रूने बसवा. दिसायला टोपी ओबडधोबड झाली आहे, घरच्यांनी नावं ठेवून झाली.

टोपीपेक्षा तिच्याखालचं भोक महत्त्वाचं. रेल जिथे छताला बोल्टने बसते तिथलं रबर वाळून तडकतं, पाणी आत उतरतं आणि छताच्या कापडावर पिवळा डाग पडतो. लोक काच नीट बसली नाही म्हणून काचेला दोष देत बसतात. ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून गोल चकत्या कापून तिथे घातल्या. उन्हाआड राहणाऱ्या जागी हे रबर चांगलं टिकतं. भोवती सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका, त्यातलं आम्ल पत्र्याला गंज धरवतं. न्यूट्रल लिहिलेली ट्यूब मागा, नाहीतर गाडीच्या काचा बसवणारे वापरतात ते पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं सीलंट. एरियलच्या बुडालाही तेच.

हे सगळं साताऱ्यातच उरकून घ्या. वर सड्यावर चहा मिळेल, कणीस मिळेल, आठ एमएमचा नट मिळणार नाही. सोबत तेराचा पाना, चार जादा नट-वॉशर, रबराचा तुकडा आणि काळे केबल टाय ठेवा. पांढरे टाय उन्हात ठिसूळ होऊन पटकन तुटतात. आणि टाय फक्त झाकणाऱ्या भागांसाठी, सामान बांधायला नाही.

ठोसेघरला धबधब्यापाशी थांबलात तर फोटोआधी चारही पाय हाताने हलवून बघा. नवीन रबर पहिल्या काही किलोमीटरमध्ये दबतं आणि बोल्ट ढिला पडतो. आमचाही पाव फेरा बसला.

चाळकेवाडीला धुकं इतकं होतं की पवनचक्कीचं पातं दिसायच्या आधी त्याचा घूं घूं आवाज यायचा. त्यात आमची आडवी पट्टी शिट्टी वाजवायला लागली. त्यावर उपाय फुकट आहे. पट्टीवर सुतळी किंवा नाड्याचे चार बोटं अंतराने तिरके वेढे द्या आणि दोन्ही टोकं घट्ट बांधा. वाऱ्याचे भोवरे एका लयीत सुटत नाहीत, आवाज बंद होतो. वेग मात्र कमीच ठेवा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गात वाढतो, चाळीसवरून ऐंशीवर गेलात की छतावरची ओढ चौपट होते, आणि सड्यावरचा समोरचा वारा त्यात आणखी मिळतो. जड सामान खाली डिकीत, हलकं वर. छतावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात असतं आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही धरायचं, हे बहुतेक जण विसरतात. ताडपत्रीची पुढची कड आत दुमडून बांधा, उघडी राहिली की वारा आधी तिथेच बोट घालतो.

सडावाघापूरहून पाटणला उतरताना रस्ता अरुंद आहे, समोरून एसटी आली की कडेच्या फांद्या छताला घासतात. तिथे आमच्या टाकीच्या टोपीवर चांगला ओरखडा आला, पण टोपी जागेवर राहिली. पाटणला कराड-चिपळूण रस्ता लागतो, तिथून कराड सरळ. तिकडे गाडी धुवायला दिलीत तर पोराला आधीच सांगा की पाण्याचा फवारा रेलच्या टोकांवर जवळून मारू नकोस. पीयू पूर्ण वाळायला निदान एक रात्र लागते, दमट हवेतही.