आरोग्य समितीवर नाव आलंय? आधी टेबल ओळखा

पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, कुत्रा चावल्यावरची लस संपलेली आहे. समितीच्या बैठकीत एखादा सदस्य तावातावाने विषय काढतो, डॉक्टर म्हणतात "वर मागणी केली आहे", इतिवृत्तात "औषध पुरवठ्याबाबत चर्चा झाली" अशी ओळ पडते आणि चहा येतो. पुढच्या बैठकीलाही लस नसतेच.

लस का नाही, याची निदान चार उत्तरं असू शकतात. औषध निर्माण अधिकाऱ्याने मागणीच नोंदवलेली नाही. किंवा मागणी गेली, जिल्हा औषध भांडारात साठाही आहे, पण माल उचलायला गाडी गेलेली नाही. किंवा जिल्ह्यातच शून्य आहे आणि राज्याची खरेदी अडकली आहे. चौथं उत्तर सहसा कोणी देत नाही: समितीच्या खात्यात पैसे पडून आहेत, त्यातून स्थानिक खरेदी करता येते, पण ऑडिटच्या धास्तीने सही होत नाही. पहिल्याचा इलाज पीएचसीत, दुसऱ्याचा तालुका-जिल्ह्यात, तिसऱ्याचा मुंबईत आणि चौथ्याचा त्याच बैठकीत, त्याच दिवशी. या चौघांसाठी "लस उपलब्ध करून द्यावी" असं एकच निवेदन दिलं तर ते कोणालाच लागू पडत नाही. लोकांच्या वतीने समितीवर बसणाऱ्याचं निम्मं काम गाऱ्हाण्याचं टेबल शोधण्यात आहे. उरलेलं निम्मं ते वेळेत तिथं पोचवण्यात.

तेव्हा "लस का नाही?" असं विचारू नका. "ई-औषधीवर (औषध साठ्याच्या ऑनलाइन नोंदीवर) शेवटची मागणी कोणत्या तारखेची, आणि आजची शिल्लक किती?" असं विचारा. पहिल्या प्रश्नावर भाषण मिळतं, दुसऱ्यावर तारीख आणि आकडा. ही लस पहिल्या दिवशी (तो शून्य धरून), मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायची असते. पहिला डोस देऊन "पुढचा तालुक्याला घ्या" म्हटलं की मजुरी बुडवून जाणारे थोडेच. जखम खोल असेल तर लसीबरोबर सीरमही लागतं, त्याची शिल्लक वेगळी विचारावी. सर्पदंशाचंही तसंच. विष चढलेल्या रोग्याला सुरुवातीलाच सर्पविषावरच्या औषधाच्या 8 ते 10 व्हायल (छोट्या बाटल्या) लागतात. कपाटात 3 व्हायल असतील तर कागदावर औषध "उपलब्ध", प्रत्यक्षात रोगी पुढे रवाना.

आता टेबलं कोणती ते पाहू. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. तिला वर्षाला 10,000 रुपयांचा अबंधित (ठरावीक कामाशी न बांधलेला) निधी आणि केंद्राच्या सूचनांनुसार किमान 15 सदस्य, त्यात निम्म्या महिला. उपकेंद्राचं आयुष्मान आरोग्य मंदिर (वाढीव सेवांचं केंद्र) झालं असेल तर तिथं जन आरोग्य समिती, निधी 50,000. पीएचसीत पूर्वी रुग्ण कल्याण समिती होती, आता तिच्या जागी जन आरोग्य समिती. तिथं निधीची तीन शीर्षं (खाती) मिळून 1,75,000. ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीला 5 लाख. हे आकडे पूर्ण वर्षाच्या मंजुरीचे आहेत. आधीचा पैसा खर्च झाला नाही आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा कशावर खर्च झाला त्याचा दाखला) गेलं नाही की पुढचा हप्ता कापला जातो.

निधीइतकंच महत्त्वाचं आहे कोण कोणाच्या हाताखाली ते. उपकेंद्र आणि पीएचसी जिल्हा परिषदेच्या, त्यांचा वरिष्ठ जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय राज्य शासनाचं, त्यांचा वरिष्ठ जिल्हा शल्य चिकित्सक, म्हणजे लोकांच्या तोंडचे सिव्हिल सर्जन. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय तिसऱ्याच खात्याचं. ग्रामीण रुग्णालयातल्या बंद एक्स-रे मशीनची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे नेली तर तो मान डोलावतो आणि कागद फाइलला लागतो, कारण ती इमारत त्याची नाहीच. पीएचसीच्या डॉक्टरची रिकामी जागा राज्य भरतं, सिस्टरची कायम जागा जिल्हा परिषद, कंत्राटी जागा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून. "कर्मचारी द्या" या मागणीआधी कोणतं पद, किती महिन्यांपासून रिक्त आणि भरती कोणाकडे, या तीन गोष्टी लिहून काढा.

महाराष्ट्रात हे सगळं हवेतून आलेलं नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल 2005 मध्ये सुरू झालं. 2007 मध्ये त्याअंतर्गत देशातल्या नऊ राज्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचा, म्हणजे लोकांनीच लक्ष ठेवण्याचा, प्रयोग झाला, आणि महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव), पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे घेतले गेले. पुण्याची साथी ही संस्था राज्य पातळीवर समन्वय करत होती. त्या प्रयोगातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे गावाचं प्रगतिपत्रक: हिरवा, पिवळा, लाल, म्हणजे सेवा चांगली, बरी, वाईट. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपल्या गावाचं लसीकरण लाल आहे की हिरवं ते भिंतीवर दिसत होतं. पुढे नावात "नियोजन" हा शब्द जोडला गेला, तोही योग्यच. नुसती देखरेख करणाऱ्याला अधिकारी पाहुण्यासारखा वागवतात. आराखड्यात ओळ घालू शकणाऱ्याचं ऐकतात.

प्रगतिपत्रक भरताना बिघडतं ते प्रश्नांत. "सिस्टर येतात का?" याला गावात कायम "येतात की" असंच उत्तर मिळतं. "गेल्या महिन्यात तुमच्या पाड्यावर लसीकरण कोणत्या दिवशी झालं, आणि कोणत्या घरी?" याला नेमकं उत्तर येतं किंवा शांतता होते. दोन्ही उपयोगी. गेल्या तीन महिन्यांत बाळंत झालेल्या बायकांशी वेगळं बोलावं. त्यापलीकडचं धड आठवत नाही. सरकारी दवाखान्यातल्या मोफत बाळंतपणाचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम जून 2011 पासून आहे, त्यात काय मिळायला हवं ते ठरलेलं आहे. म्हणून विचारायचं तेही ठरलेलं: दवाखान्यात नेताना गाडी कोणाची आणि पैसे कोणी दिले, औषध किंवा सोनोग्राफी बाहेरून करायला लावली का, रक्त लागलं तर पैसे घेतले का, जेवण किती दिवस मिळालं (साध्या बाळंतपणात 3 दिवस, सिझेरियनमध्ये 7), घरी सोडायला गाडी आली का. बाळाला वर्षभर मोफत उपचाराचा हक्क आहे, हे तर सांगूनच यावं लागतं.

हे बोलणं आशाताईंच्या समोर करू नये, सरपंचांच्या ओट्यावर तर नाहीच. वाड्या-पाड्यांची पत्रकं वेगळी भरा. गावठाण हिरवं आणि दोन पाडे लाल असले की सरासरी पिवळी येते आणि पाडे त्यात बुडतात.

इथंच एक ठाम मत. तक्रारींचा पहिला ढीग नेहमी सिस्टर आणि आशाताईंवर पडतो, कारण गावाला दिसतात त्याच. उपकेंद्रात सहा महिन्यांत एकही बाळंतपण झालं नसेल, तर सिस्टरला जाब विचारण्याआधी रात्री वीज असते का, पाणी कुठून येतं, राहायची खोली गळते का, आणि दुसऱ्या उपकेंद्राचा जादा कार्यभार तिच्याकडेच आहे का, हे पाहा. यातलं एक जरी निघालं, तरी टेबल बदललं: बांधकाम विभाग, वीज मंडळ, जिल्हा परिषद. सगळ्यात खालच्या माणसाला झापून उठलेल्या समितीला पुढच्या वेळी आतली माहिती कोणी देत नाही.

बैठकीची तयारी कागदावर करा. विषय आठवडाभर आधी लेखी द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. मागच्या इतिवृत्तावरचा अनुपालन अहवाल (ठरलेल्यातलं काय झालं ते) हा पहिला विषय ठेवा, नाहीतर तो "वेळेअभावी" राहतोच. ठराव असा लिहून न्या:

"दिनांक ... च्या साठा नोंदीनुसार श्वानदंश लस शून्य. मागणी क्रमांक ..., दिनांक ... . जिल्हा भांडारातून 7 दिवसांत पुरवठा न झाल्यास समितीच्या निधीतून ... व्हायलच्या स्थानिक खरेदीस मंजुरी. जबाबदारी: औषध निर्माण अधिकारी. आढावा: पुढील बैठक."

साठा, तारीख, मुदत, माणूस, पर्याय. "चर्चा झाली" या दोन शब्दांत यातलं काहीच नसतं. ऑडिटला घाबरणाऱ्या डॉक्टरलाही असाच ठराव हवा असतो, कारण त्याची सही मग एकट्याची राहत नाही. इतिवृत्ताची प्रत तिथल्या तिथं मागा, आणि कोऱ्या रजिस्टरवर सही "नंतर लिहून घेऊ" या बोलीवर करू नका, समोरचा कितीही ओळखीचा असो.

पैशाचं सालाबादचं दुखणं म्हणजे मार्च. निधी बहुतेकदा उशिरा येतो, मार्चअखेर संपवायचा असतो, आणि मग रंग, पडदे, खुर्च्या आणि फलक यांची खरेदी होते. यावर उपाय एप्रिल-मेमध्येच करावा लागतो. पैसे यायच्या आधी गरजांची क्रमवार यादी मंजूर करून ठेवायची आणि दरपत्रकंही मागवायची: वॉटर फिल्टर, इन्व्हर्टरची बॅटरी, प्रसूती कक्षातला दिवा, बायकांच्या शौचालयाचं दार. निधी आला की यादीतल्या पहिल्या नंबरपासून सुरुवात. ज्या गोष्टीला दुसऱ्या योजनेत तरतूद आहे ती या पैशातून घेऊ नये. मोफत औषधांच्या यादीतलं औषध कायम समितीच्या पैशाने यायला लागलं तर पुरवठ्यातला खरा घोळ झाकला जातो.

समितीच्या आवाक्याबाहेरचं असेल ते दोन वाटांनी वर जातं. एक वाट ग्रामसभेची. महाराष्ट्रात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा होते. त्यातली 2 ऑक्टोबरची महत्त्वाची, कारण तिथून ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम सुरू होतं. उपकेंद्राचं कुंपण, रस्ता, नळजोडणी हे तिथं घाला. पेसा क्षेत्रातल्या (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा लागू असलेल्या) ग्रामपंचायतींना 5 टक्के अबंध निधीही असतो, त्यात आरोग्य बसतं. दुसरी वाट जिल्ह्याच्या आरोग्य कृती आराखड्याची. तो हिवाळ्यात, पुढचं आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या बऱ्याच आधी तयार होतो आणि राज्याच्या अंमलबजावणी आराखड्यात जातो. फेब्रुवारीत दिलेलं निवेदन कितीही खरं असलं तरी गाडी सुटल्यावरचं.

आराखड्यात मागणी टिकते ती निकषावर. पीएचसीसाठी लोकसंख्या 30,000, डोंगरी-आदिवासी भागात 20,000. उपकेंद्रासाठी 5,000 आणि 3,000. "आमच्या भागाला नवीन पीएचसी द्या" ही मागणी बृहत् आराखड्यात (नव्या दवाखान्यांच्या राज्याच्या मोठ्या आराखड्यात) जाते आणि तिथं वर्षानुवर्षं बसते. तोवर त्याच अडचणीचे छोटे तुकडे मागावेत: 102 ची गाडी (सरकारी रुग्णवाहिका) पावसाळ्यात पाड्याजवळच्या उपकेंद्रात उभी ठेवणं, बाजाराच्या दिवशी ओपीडीची वेळ वाढवणं, आठवड्यातून एक दिवस रक्त तपासणी. यातलं बरंचसं जिल्ह्याच्याच अखत्यारीत असतं.

जनसुनवाई किंवा जनसंवाद, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर लोकांनी जाहीरपणे गाऱ्हाणी मांडायची सभा, हे शेवटचं हत्यार, आणि ते पाजळत बसू नये. पाच-सहा मुद्दे पुरेत. ते अधिकाऱ्यांना 15 दिवस आधी लेखी द्या. अचानक विचारलं की टाळ्या पडतात, पण उत्तर "चौकशी करून कळवतो" एवढंच येतं. बाहेरून आणलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं, रेफर केल्याचा कागद जोडा. रोग्याची संमती घ्या. एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार असलं काही असेल तर नावच काय, गावही सांगू नका. छोट्या वस्तीत गावावरून माणूस ओळखला जातो. आणि जी बाई बोलायला उभी राहणार, तिला त्याच दवाखान्यात पुन्हा जायचं आहे हे लक्षात ठेवून तिच्याबरोबर दोघी-तिघींना उभं करा.

समितीतली महिला सदस्य कागदावर आणि तिचा नवरा खुर्चीवर, हा प्रकार सर्रास चालतो. बैठक सकाळी अकराला तालुक्याच्या ठिकाणी ठेवली की तो आपोआप पक्का होतो, कारण मजुरी आणि एसटीचं भाडं दोन्ही तिच्याच पदरचं. बैठक उपकेंद्रात, दुपारी उशिरा, आणि प्रवासभत्ता ठरावात घेऊन. इतकं केलं तरी हजेरीत फरक पडतो.

डॉक्टर बदलतात, पंचायतीची मुदत पाच वर्षांनी संपते, कंत्राटी कार्यकर्त्याचा प्रकल्पही बंद होतो. म्हणून फाइल कोणा एकाच्या घरी न ठेवता ग्रामपंचायतीत ठेवा आणि दुसरी प्रत आशाताईंकडे. तीत इतिवृत्तं, पोचा, रंगीत प्रगतिपत्रकं, आणि वर एक पान: कोणता विषय, कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून. नवा डॉक्टर रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्या पानाची झेरॉक्स त्याच्या हातात द्या.