पद्मिनीत पेट्रोल की बॅटरी?

प्रीमियर पद्मिनी गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि व्हिंटेज (मूळ रूपात जपलेल्या जुन्या गाड्यांसाठीची) नोंदणी हवी असेल, तर १०८९ सीसीचं मूळ इंजिनच ठेवा. इलेक्ट्रिक मोटर बसवली की तो दर्जा विसरा. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फुगतो, मग गळती. पाइप व्हायटॉनचे (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे) घाला, टाकी आतून गंजमुक्त करा.

इलेक्ट्रिकसाठी मान्यताप्राप्त रूपांतर किट आणि आरसी बुकात आरटीओची नोंद हवीच. १५ किलोवॅट-तासांची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी शहरात साधारण १०० किमी नेते, पण वजन सव्वाशे किलोच्या आसपास. सगळी डिकीत कोंबली की मागचे स्प्रिंगचे पाटे बसतात. निम्मी पुढे, इंजिनाच्या जागी घ्या. ड्रम ब्रेक मात्र आधी सुधारा. रोज चालवायची नसेल तर एवढा खर्च मला तरी पटत नाही.