दुसऱ्या खुर्चीतला माणूस

आज रात्री जॉनी कार्सन यांच्या ‘द टुनाइट शो’ या अमेरिकी दूरचित्रवाणीवरील रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचे काही जुने भाग पाहिले आणि प्रत्येक भागात माझे लक्ष कार्सन यांच्यावरून शेजारी बसलेले त्यांचे निवेदक-साथीदार एड मॅकमॅहन यांच्याकडे जात राहिले. सुरुवातीला ‘हीऽऽअर्स जॉनी’ (हा आला जॉनी) अशी लांब ललकारी द्यायची आणि मग कार्यक्रम संपेपर्यंत हसत बसायचे, यासाठी या माणसाला 30 वर्षे पगार मिळाला, असे काही जण हेटाळणीने म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही.

हे काम त्यांना आयते मिळाले नव्हते. तरुणपणी त्यांनी जत्रांमधून बिंगोचे आकडे पुकारले होते, अटलांटिक सिटीच्या समुद्रकिनारी भाजी कापायची यंत्रे विकत येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोलण्यात गुंतवून ठेवले होते आणि पुढे फिलाडेल्फियाच्या दूरचित्रवाणीवर विदूषकही रंगवला होता. कोरियन युद्धात मरीन वैमानिक म्हणून त्यांनी टेहळणीच्या निःशस्त्र विमानातून 85 मोहिमा केल्या. कार्सन यांची गाठ 1958 मध्ये ‘हू डू यू ट्रस्ट’ या प्रश्नमंजूषेत पडली आणि 1 ऑक्टोबर 1962 रोजी दोघेही एनबीसी वाहिनीच्या ‘द टुनाइट शो’मध्ये आले.

मॅकमॅहन यांनी स्वतः सांगितलेला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. तापट रक्ताच्या, रसिक माणसांनाच डास अधिक चावतात, अशा अर्थाची बातमी कार्सन सांगत होते. मॅकमॅहन यांनी पटकन स्वतःच्या दंडावर चापट मारली आणि प्रेक्षागृह हास्याने दणाणले. कार्सन यांनी मात्र टेबलाखालून डास मारण्याच्या फवाऱ्याचा एक अगडबंब डबा बाहेर काढला. त्यांचा तयार विनोद शेजाऱ्याने आधीच उडवला होता. नेमके किती बोलायचे, कुठे थांबायचे आणि हातात आलेले हशाचे वाक्य कुणासाठी सोडून द्यायचे, हे तारतम्य त्यानंतर मॅकमॅहन यांनी कधी ढळू दिले नाही, असे मला हे भाग पाहताना वाटते.

कार्सन ‘कारनॅक’ नावाचा अंतर्ज्ञानी बाबा रंगवत, त्या प्रहसनात तर हे स्पष्ट दिसते. भलामोठा फेटा बांधलेले कार्सन बंद पाकीट कपाळाला लावून आधी उत्तर सांगत, मॅकमॅहन गंभीर चेहऱ्याने ते उत्तर पुन्हा उच्चारत आणि मग पाकिटातला प्रश्न वाचला जाई. त्या पुनरुच्चारामुळे प्रेक्षकांना क्षणभर उसंत मिळे आणि विनोद नेमका बसे. शाहिराच्या मागे झीलकऱ्याने ‘जी जी’ धरावी, तसे ते काम आहे. त्याचा ठेका चुकला तर पुढच्याचा पोवाडा पडतो.

आणखी एक गोष्ट आज मुद्दाम न्याहाळली. पाहुणा आला की मॅकमॅहन कोचावर एक जागा पलीकडे सरकतात, दुसरा आला की आणखी पलीकडे, पण त्यांचे कान आणि डोळे टेबलाकडेच असतात.

1983 पासून ‘स्टार सर्च’ या कलागुणांच्या स्पर्धेच्या कार्यक्रमात मॅकमॅहन मुख्य सूत्रसंचालक झाले, जाहिरातीही पुष्कळ केल्या, तरी दुसरी खुर्ची सोडली नाही. 22 मे 1992 च्या अखेरच्या भागात पाहुणे बोलावलेच नव्हते. त्या रात्री कार्सन यांनी मॅकमॅहन आणि वाद्यवृंदप्रमुख डॉक सेव्हरिन्सन यांचे नाव घेऊन आभार मानले. ‘हू डू यू ट्रस्ट’पासून मोजली तर ती सोबत 34 वर्षांची होती, आणि ते आभार मॅकमॅहन यांनी पुरेपूर कमावले होते.