राक्षसाचा आवाज काढताना

मुलांसाठी कथाकथनाचे कार्यक्रम मी एकटी करते. राक्षस, यंत्रमानव, म्हातारी, सगळे माझ्याच गळ्यातून. राक्षसाचा लांब प्रवेश झाला की घसा बसायचा आणि पुढच्या म्हातारीत जीव उरायचा नाही. म्हणून रोलँड कंपनीचं व्हीटी-४ हे आवाज बदलणारं यंत्र घेतलं. पिशवीत मावतं, चार पेन्सिल सेलवर चालतं, आणि बोलता बोलताच आवाज बदलतं.

आपण बोलताना आपला खरा आवाज हाडांतूनही कानात पोचत असतो. त्यामुळे बदललेला आवाज लोकांना कसा ऐकू जाईल, याचा अंदाज तेव्हाच्या तेव्हा येत नाही. यंत्र यूएसबीने लॅपटॉपला जोडलं, वाक्यं रेकॉर्ड केली आणि नंतर शांतपणे ऐकली. खरं शिक्षण तिथेच झालं.

यंत्रावर पिच आणि फॉर्मंट असे दोन वेगळे स्लायडर आहेत. पिच म्हणजे स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंप पावतात ते. बाईच्या बोलण्यात साधारण २०० वेळा, पुरुषाच्या १००-१२० च्या आसपास. फॉर्मंट म्हणजे घशाच्या आणि तोंडाच्या पोकळीचे अनुनाद, म्हणजे ती ज्या सुरांना घुमवून जोर देते ते. पोकळी लांब असली की तिचे अनुनाद खाली येतात आणि ऐकणाऱ्याला समोरचा देह मोठा वाटतो. नुसता पिच खाली नेला तर माझा राक्षस झोपाळलेला वाटत होता. पिच थोडाच उतरवून फॉर्मंट बराच खाली घेतला, तेव्हा कुठे त्याला छाती आली! आता मी घसा न ताणता, साध्या आवाजात बोलते. उंदरासाठी फॉर्मंट वर, पण पिच बेताचाच. दोन्ही चढवले तर शब्द कळत नाहीत आणि मागच्या रांगेतली मुलं चुळबुळ करायला लागतात.

यंत्रमानवाने मात्र मला संहितेकडे परत नेलं. रोबोट बटण दाबलं की सगळं बोलणं एकाच सुरात येतं. आपण ‘तू जेवलास?’ असं विचारतो तेव्हा प्रश्न असतो तो शेवटी चढणाऱ्या सुरात. तो सूरच सपाट झाला की ऐकणाऱ्याला ते विधान वाटतं. म्हणून त्याच्या तोंडचे सगळे प्रश्न ‘का’ घालून पुन्हा लिहिले: ‘तू जेवलास का?’ राग, लाडीगोडी, आश्चर्य हेही सुरातून काढता येत नाही. ते शब्दांमधल्या थांब्यांतून आणि व्यंजनांवरच्या जोरातून काढावं लागतं. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल लॅब्स या अमेरिकन संशोधनसंस्थेतल्या होमर डडली यांचं ‘व्होडर’ हे बोलणारं यंत्र बोलून दाखवत होतं, तेव्हाही पट्ट्या आणि पेडल चालवायला महिनोन् महिने सराव केलेल्या मुली बसत. बोलण्यातला जीव त्यांच्या बोटांत होता.

सभागृहात वेगळीच तयारी लागते. माइक ओठांजवळ धरायचा. हे यंत्र एका वेळी एकाच आवाजाचा पिच नीट ओळखतं. शेजारची पेटी माइकमध्ये शिरली की आवाज घोगरा होऊन तुटतो. आता साथीदार माझ्यापासून लांब, माइकच्या पाठीमागच्या बाजूला बसतात. स्पीकर माझ्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी वाजणारच. अॅडॉप्टर लावल्यावर एका हॉलमध्ये सतत घूं असा आवाज येत होता. सेलवर चालवल्यावर तो थांबला. तेव्हापासून चार नवे सेल जवळ ठेवते.

म्हातारीला मी यंत्र लावत नाही. तिच्या वेळी बायपास बटण दाबते, म्हणजे माझा मूळ आवाजच जातो. दम घेत बोलणं, शब्द शोधणं, वाक्य मध्येच सोडून देणं यांतून ती म्हातारी होते, आणि त्यासाठी कुठलाही स्लायडर नाही. राक्षसापायी घसा झिजत नसल्यामुळे तिच्यासाठी आता पुरेसा आवाज उरतो.