सांताक्रूझच्या डोंगरातला डिस्क गोल्फ: माझा अनुभव

कॅलिफोर्नियात सॅन होजेहून हायवे 17 चा घाट उतरलं की सांताक्रूझ लागतं. डिस्क गोल्फ म्हणजे फ्रिसबीसारखी चकती (डिस्क) कमीत कमी थ्रोमध्ये साखळ्या लावलेल्या टोपलीत (बास्केट) टाकायचा खेळ. तिथल्या डेलाव्हिएगा पार्कमधला डिस्क गोल्फ कोर्स म्हणजे चढ, उतार आणि ओकची गर्द झाडी. सपाट मैदानावर मी बऱ्यापैकी खेळायचो, पण या कोर्सवर धड स्कोअर करायचा तर खेळण्याची पद्धतच बदलावी लागणार होती. सोबतचा पुण्याचा मित्र इथे जुना. पहिल्याच टीवर (पहिला थ्रो करायच्या जागी) म्हणाला, "अरे, ड्रायव्हर पिशवीतच राहू दे. आधी डिस्क कुठे थांबवायची ते ठरव." ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब जाणारी, वेगवान डिस्क.

तेव्हापासून मी प्रत्येक होल, म्हणजे टीपासून बास्केटपर्यंतचा टप्पा, उलटा वाचतो. बास्केट कुठे आहे, तिच्याभोवतीची जमीन कुठे झुकते, पटिंगसाठी (जवळून बास्केटमध्ये टाकण्यासाठी) कुठे उभं राहायला हवं, मग तिथवर पोचायला आधीचा थ्रो कुठे पडायला हवा. जंगलात लांब फेकण्यापेक्षा पहिल्या वीस-तीस फुटांतली फट गाठणं महत्त्वाचं. तिथेच डिस्क खोडाला लागली तर पुढचं सगळं गणित संपतं. म्हणून मी बहुतेक ठिकाणी मिडरेंज (मध्यम अंतराची डिस्क) किंवा सरळ पटरच (पटिंगची डिस्क) वापरतो. त्यांचा वेग कमी, त्यामुळे ठरवलेल्या रेषेवर राहतात.

सगळ्यात जास्त अभ्यास करावा लागला तो घरंगळणाऱ्या डिस्कचा. बास्केटपाशी अलगद उतरलेली डिस्क कडेवर उभी राहते आणि चाकासारखी खाली पळत सुटते. मग पुढचा थ्रो झुडपातून. यावर उपाय एकच: डिस्क ज्या कोनात उतरते तो कोन उताराशी जुळवायचा. मी उजव्या हाताने खेळतो. माझा बॅकहँड (हात छातीपुढून आणून फेकलेला थ्रो) शेवटी डावीकडे कलतो, म्हणून जमीन डावीकडे उतरत असेल तिथे बॅकहँड. उजवीकडे उतरत असेल तिथे फोरहँड (उजव्या बाजूनेच हात झटकून फेकलेला थ्रो), कारण तो उजवीकडे कलतो. असं केलं की डिस्क जमिनीला समांतर टेकते, थोडी सरपटते आणि थांबते. एवढ्या एका सवयीने माझे जितके थ्रो वाचले, तितके ताकद वाढवून कधीच वाचले नसते.

चढावर फेकताना डिस्कचं नाक वर गेलं की ती हवेतच दम सोडते आणि डावीकडे कोसळते. त्यामुळे खांद्यांची रेषा चढाशी जुळवायची आणि अंतराला पुरेल त्यापेक्षा थोडा जास्त जोर लावायचा. उतारावर याच्या उलट, कंबरेतून पुढे वाकून डिस्क खालीच सोडायची. नाहीतर ती तरंगते आणि वारा तिला नेईल तिकडे जाते. पटिंगलाही हेच लागू. बास्केट माझ्या खाली असेल आणि मागे घसरण असेल, तर दहा मीटरच्या आतूनही मी दर वेळी साखळ्यांवर हल्ला चढवत नाही. डिस्क बास्केटच्या पायथ्याशी ठेवतो आणि पुढच्या थ्रोला होल संपवतो.

झाडीत शिरायचं तर पॉइझन ओक, अंगाला लागलं की खाज आणि पुरळ आणणारं झुडूप, ओळखता यायलाच हवं. तीन-तीन पानांचे झुबके, उन्हाळा सरताना लालबुंद होणारे. हे झुडूप आंबा, काजू आणि बिब्ब्याच्याच कुळातलं. आपल्याकडे बिब्बा उततो म्हणजे काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. फुल पँट घालावी, आणि झुडपातून काढलेली डिस्क पुसून हात धुतल्याशिवाय तो चेहऱ्याला लावू नये. या झुडपाचं तेल डिस्कलाही चिकटलेलं असतं.

शेवटी 27 वा होल, 'टॉप ऑफ द वर्ल्ड'. पाचशे फुटांहून लांब, पूर्ण उतार, आणि समोर थेट माँटेरे बे. इथे सगळ्यांचेच हात शिवशिवतात. पण उतारावर डिस्क हवेत जास्त वेळ राहते, म्हणून तिचं डावीकडे कलणंही लांबतं. मी बास्केटच्या बराच उजवीकडे नेम धरला, पाऊण ताकदीने फेकलं आणि डिस्क मोकळ्यावर टेकली. दुसरा थ्रो बास्केटपाशी, तिसऱ्याला साखळ्या वाजल्या. मित्राने टाळी दिली आणि लगेच विचारलं, "पुढच्या शनिवारी येतोस ना?"