मुंबई–नागपूर: विमान दीड तास, प्रवास सहा तास

ताईकडे साखरपुडा होता आणि रजा एकच दिवस. म्हणून दरवेळची दुरांतो सोडून विमानाचं तिकीट काढलं. तिकिटावर वेळ १ तास ३५ मिनिटं. डोंबिवलीच्या घराचं कुलूप लावलं तेव्हापासून ताईच्या दारात चपला काढेपर्यंत मी घड्याळ लावलं: सहा तास पाच मिनिटं!

मुंबई–नागपूर हवाई अंतर साधारण ६८५ किलोमीटर. रेल्वेने तेच ८३७ होतं, कारण गाडी नाशिक, मनमाड, भुसावळ असा उत्तरेकडून वळसा घेते. विमानाची सरळ रेघ नकाशावर ओढली तर ती जवळपास छत्रपती संभाजीनगरवरूनच जाते.

चाकं जमिनीवरून सुटल्यापासून नागपूरला टेकेपर्यंत फक्त ६६ मिनिटं लागली. मग तिकिटावरचा बाकीचा वेळ? तो मुंबईच्या रांगेत गेला. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. आमच्यापुढे सात विमानं मोजली मी. कंपन्या हा खोळंबा धरूनच वेळ छापतात, म्हणून उशिरा उडूनही आम्ही वेळेत उतरलो.

डोंबिवली-कल्याणकडच्यांनी घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून मेट्रोने मरोळ नाका आणि तिथे मेट्रो ३ मध्ये बदलून पुढचंच विमानतळाचं टी२ (टर्मिनल २) स्टेशन गाठावं. रस्त्यावरच्या कोंडीपेक्षा हे खात्रीचं. पण पहाटेचं विमान असेल तर हे विसरा, तेव्हा मेट्रो सुरू झालेली नसते आणि टॅक्सीला तिकिटाच्या निम्मे पैसे जातात. सामान टाकायचं असेल तर काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. आणि लग्नकार्याला निघालेल्यांनो, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. तेलामुळे पेट घेण्याचा धोका म्हणून काढून ठेवायला लावतात. माझ्यापुढच्या काकूंची अख्खी पिशवी तिथेच राहिली.

नागपूरला उतरल्यावर मात्र सुख. पंधरा मिनिटांत बाहेर. मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलला चिकटून नाही. सामान असेल तर तिथपर्यंत रिक्षा करा. पुढे सीताबर्डी थेट.

"दीड तासाचं विमान अन् जेवण हुकलं, काऊन?" भाऊजींनी दारातच विचारलं. त्यांचंही बरोबर आहे. दुरांतोत रात्री झोपलं की सकाळी सात-साडेसातला नागपूर, आणि दिवस हातात. मुक्काम करायचा असेल तर मी पुन्हा दुरांतोच घेईन. सकाळी जाऊन रात्री परतायचं असेल तरच विमान.

जाताना उजवीकडची खिडकी मागा. सरळ मार्ग धरला तर लोणार सरोवर दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर राहतं. मला दिसले फक्त ढग.