पुळियोगरे, पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने
बेंगळुरूत राहायला आल्यापासून शेजारच्या अय्यंगार आजींकडून सणावारी येणारा पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, मी नुसताच खात आले होते. आज मात्र त्यांच्या सांगण्याप्रमाणे तो पहिल्यांदा घरी केला. सगळी मेहनत गोज्जूत, म्हणजे आटवलेल्या चिंचेच्या कोळात आहे. तिळाच्या तेलात मोहरी, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, सुक्या मिरच्या, कढीपत्ता आणि हिंग यांची फोडणी करून तीत 100 ग्रॅम चिंचेचा कोळ ओतला आणि हळद, मीठ व गूळ घालून, कडेने तेल सुटेपर्यंत, मंद आचेवर सुमारे 40 मिनिटे आटवला. चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या माझ्या हाताला गूळ वाढवण्याचा मोह आवरत नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

धणे, मेथ्या, मिरे, उडदाची डाळ आणि मिरच्या भाजून केलेली पूड अगदी शेवटी घालायची असते. मी ती घाईने आधीच घातली, त्यामुळे गोज्जू तळाला लागू लागला.

भात मात्र मोकळा झाला, कारण तो परातीत पसरून, वर तिळाचे तेल सोडून, पूर्ण निवल्यावरच कालवला. कर्नाटकातल्या मेलुकोटे गावच्या देवळात प्रसाद म्हणून मिळणाऱ्या पुळियोगरेची सर याला अर्थातच नाही. आजींनी एक घास खाऊन मीठ कमी असल्याचे सांगितले आणि उरलेला भात, चांगला मुरल्यावर, रात्री खाण्यास बजावले.